मनगटावरचा रुपयाएवढा तुकडा

मु. प्रकाशा, वैशाख शुद्ध पंचमी, शके १८६०

उद्या मारवाडी शेठाणीकडची नाईण, म्हणजे न्हावीण, माझ्या हातापायांवरचे केस काढणार, लग्नासाठी. आज नमुन्यादाखल तिनं साखर-लिंबाचा कोमट पाक मनगटावर रुपयाएवढा थापला नि खस्सकन ओढला. आई गं! पण खालची कातडी... इतकी मऊ, ही माझीच?

"सकाय आंग धुईसन बठ. तेल लाऊ नको, पाक चिटकत नही," असं बजावून गेली. तिची पाठ वळताच मावशीनं नवरी म्हणून मला तेलानं माखलं! बेसन लावून तीनदा धुतलं, तरी बोट घसरतंय. मनगट मात्र पुन्हापुन्हा चाचपतेय.

आई दिवसभर लांबूनच माझ्या मनगटाकडे बघत होती. वाटलं, रागावली. आत्ता दिवा घेऊन आली, त्या तुकड्यावर खरबरीत बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "माले बी करी देई का वं ती?"