दोन हात अंतर

१२ मे २०२०
आज सकाळी मारुतीला बाहेरूनच हात जोडले. देवळाला कुलूप! कडीलाच नमस्कार करून वळलो, तर मागे ठाण्याचा जमादार, तोंडाला दुपट्टा.
"खुशालराव, कोरोनापायी जेल खाली करून राहिले. गोपालचा सुटीचा अर्ज आला. मयताचे भाऊ तुमी. हरकत हाय का?"
मारुतीनंही तेव्हाच कुलूप लावून घ्यावं!

१३ मे
गोपाल माझा चुलतभाऊच. दोन वावरांच्या मधला दोन हात धुरा, म्हणजे बांध. त्यापायी त्यानं माझ्या भावाच्या, नितेशच्या डोक्यात फावडं घातलं. पेरणीचे दिवस, शिवार माणसांनी भरलेलं. कोर्टात मात्र सगळ्यांचं एकच — "आमी तिकडे पाठ करून होतो, साहेब." म्हणून शिक्षा सातच वर्षं.

१५ मे
सरपंच रामरावांच्या ओसरीवर हरकतीच्या सह्या. पाठ केलेले तेच सगळे रांगेत — अंतर ठेवून!
एकजण म्हणाला, "खून तं होऊन गेला ना भाऊ. पण अमरावतीच्या जेलातून बिमारी आणली तं?"
रामराव म्हणाले, "पयली सही तुमची. आमी तुमच्या पाठीशी हाओ."
पाठीचं यांना भारी कौतुक! उठून आलो.

१७ मे
मनकर्णाकाकू आली. गोपालची आई. आत ये म्हटलं, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.
"मागाले तोंड नाही बाप्पा. पण डोयाले आता सावलीच दिसते. पुरा अंधार व्हायच्या आंधी त्याचं तोंड पाहू दे."
नितेशला लहानपणी हिनंच न्हाऊ घातलं. रात्री जपाची माळ माझ्या हातात, मन धुऱ्यावर.

२० मे
नितेशच्या फोटोला विचारलं. त्यानं कधी वेळेवर उत्तर दिलंय!

२१ मे
"हरकत नाही" लिहून दिलं. रामराव लालेलाल — "राहीन कुठं तो? चौदा दिवस गावात पाय ठेवू देत नाही!"
म्हटलं, माझ्या वावरात राखणीची खोपडी आहे.

२७ मे
गोपाल आला. काकूला हात धरून धुऱ्यापर्यंत नेलं. तो खोपडीसमोर, मान खाली.
"दादा, आईपासून किती दूर राहू?"
तोंडातून सरकारी उत्तर निघालं — "दोन हात."
मग दोघंही धुऱ्याकडे पाहत राहिलो.

१० जून
चौदा दिवस निभले. आज धुरा वखरून सपाट केला, माझ्या हातानं. शिवार माणसांनी भरलेलं. या खेपेला पाठ कोणीच केली नाही!