भाचीसाठी खारं पाणी

विष्णुपुरी, नांदेड
६ जानेवारी २०२५

ति. अमृतमामांस तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामी मध्येच फोन घेऊन माझ्या लग्नाचं काढते, म्हणून पत्रच लिहिते. मला तुमच्या शेतातल्या बोअरचं कॅनभर पाणी हवंय. हो, तेच मचूळ, ज्याला तुमची म्हैसही तोंड लावत नाही.

खनिज तेल खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून बसतं. नुसतं पाणी सोडलं तर ते बाजूने निघून जातं. म्हणून पाण्यात पॉलिमरची भुकटी कालवून ते दाट करतात. दाट पाणी तेलाला पुढे ढकलतं. पण खडकातलं पाणी खारं असलं की दाटपणा जातो. खाऱ्यातही टिकेल अशी भुकटी मी केलीय. आमच्या कॉलेजचे राघवेंद्र सर म्हणतात, मीठ कालवून चालणार नाही, जमिनीतलं खारं पाणी आणून दाखव. आसामच्या तेलविहिरींवर वर्षभर शिकायला ते वीस तारखेला एकालाच निवडणार आहेत. मला जायचंच आहे, मामा.

मामीस नमस्कार. तुमच्या मायेवर आणि पाण्यावर विसंबलेली,
तनुजा

जळकोट
९ जानेवारी

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

नांदेडच्या गाडीत कंडक्टर मलप्पाजवळ कॅन देऊन राहिलो. दोनदा घासलाय. आसाम कुठं आहे ते तुझ्या मामीला नकाशात दाखवलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

जिवाला जपून राहा, ही मागणी.
अमृतमामा

विष्णुपुरी
१३ जानेवारी

ति. मामांस शि. सा. न. वि. वि.

जमलं! भुकटी कालवली आणि पाणी मधासारखं दाट झालं, दाटच राहिलं. सरांनी आकडे दोनदा पाहिले आणि यादीत माझं नाव पहिलं लिहिलं. तुमच्या बोअरची कीर्ती अख्ख्या होस्टेलात झालीय. मामीला म्हणावं, आता तरी बोल.

तिळगूळ राखून ठेवा, तशीच मायाही.
तनुजा

जळकोट
१५ जानेवारी

चि. तनुजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं आणि मी मान खाली घातली. बाई, ते पाणी बोअरचं नव्हतं. कॅन भरला होता बोअरवरच, पण एक घोट चाखला आणि मन होईना. बहिणीच्या लेकीनं पहिल्यांदा शेतातलं काही मागितलं आणि हे असलं मचूळ पाठवायचं? ओतून दिलं आणि विहिरीचं गोडं भरलं. वाटलं, मशीनला काय कळतं.

मामी आता बोलली, पण काय बोलली! “पोरीचं वाटोळं केलं तुमी. आता तरी खरं लिव्हा.” म्हणून लिहितोय. मला लई लाज वाटून राहिली.

दोन कॅन पाठवतोय. लाल झाकणाचा बोअरचा, मशीनला. पांढऱ्या झाकणाचा विहिरीचा, तुला प्यायला.

राग आला तरी पत्र थांबवू नको.
अमृतमामा

विष्णुपुरी
२१ जानेवारी

ति. मामांस शि. सा. न. वि. वि.

राग आला. एक दिवस जेवलेही नाही. मग सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, पाण्याचा खारेपणा आधी मोजला होतास का? मी म्हणाले, “मामानं पाठवलेलं पाणी कोण मोजतं, सर?” ते हसले नाहीत. माझं नाव खोडलं.

लाल झाकणाच्या पाण्यात भुकटी ताकासारखी पातळ झाली. दोन दिवस दोन्ही कॅनकडे बघत बसले. मग सुचलं, खारं पाणी आधीच बाजूला सारलं तर? काचेच्या नळीत वाळू भरली, ती बोअरच्या पाण्यात आणि तेलात भिजवली. आधी नुसतं गोडं पाणी सोडलं, मागून गोड्यात कालवलेली भुकटी. तेल हळूहळू बाहेर आलं, मामा.

सर म्हणाले, युक्ती जुनीच आहे, पण खरं सांगून तू तिथवर स्वतः पोचलीस. काल यादीत एकच नाव होतं, माझं. मामीला तुम्हीच सांगा, मला भीती वाटते.

पांढऱ्या झाकणातलं पाणी मात्र मी घोटभरही प्यायले नाही. तुम्ही मला पाठवलेलं सगळं त्या वाळूला पाजलं. मार्चात निघण्याआधी जळकोटला येते, विहिरीवर बसून पोटभर पिईन.

तोवर विहिरीत माझा वाटा असू द्या.
तुमची भाची,
तनुजा