अडतीस सेकंद

कार्टर्स फेरी, टेनेसी
३० ऑगस्ट १९९८

चि. रोझलिन हीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या शाळेच्या बँडमध्ये तीस पोरं आणि एकवीस क्लॅरिनेट, हे वाचून तुझी आई हसली. मला मात्र प्रश्न पडला, की उरलेली नऊ पोरं फुंकणार काय?

इथली बातमी वाईट आहे. कॉलेजच्या अध्यक्षांनी बोलावलं होतं. कुणीतरी लेखी तक्रार केली आहे, की कॉलेज सरकारी, तेव्हा फुटबॉलच्या सामन्याआधी कॉलेजच्या भोंग्यावरून प्रार्थना म्हणणं घटनेत बसत नाही. अध्यक्ष म्हणाले, वकिलांचंही तेच मत आहे, तेव्हा इर्विन, यंदापासून नुसती शांतता पाळायची. सही कुणाची, ते सांगेनात.

बावीस वर्षं मी तो माइक सांभाळतो आहे. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने पुस्तकं वाचून मैदानाचे आठही भोंगे स्वतः जोडले. प्रार्थना बरोबर अडतीस सेकंदांची, घड्याळ लावून बसवलेली. तेवढीही कुणाला जड झाली? ज्याने लिहिलं त्याने समोर येऊन बोलावं, एवढंच माझं म्हणणं. पहिला सामना बारा तारखेला आहे. राजीनामा लिहून खिशात ठेवला आहे.

प्रकृतीला जप. आईचे पापे.
तुझे बाबा


डेटन, ओहायो
४ सप्टेंबर १९९८

ती. बाबांस रोझलिनचा सा. न. वि. वि.

समोर येऊन बोलावं म्हणालात, म्हणून येते. ते पत्र माझं आहे.

नाओमी लेव्हिन आठवते ना? कॉलेजच्या बँडमध्ये माझ्या शेजारी उभी राहायची, आपल्याकडे आली की आईने भाजलेल्या गोड पीच-पायवर तुटून पडायची. ज्यू आहे ती. चार वर्षं, दर सामन्याला, तुम्ही येशूच्या नावाने मागणं मागितलंत की ती टोपी छातीशी धरून बुटांकडे बघायची. शेवटच्या वर्षी तिने मला विचारलं, की या मैदानात प्रार्थनेच्या बाहेर उभं राहायला कुठे जागा आहे का. मी म्हटलं, बाबांना विचारते. विचारलं नाही. तुमचा आवाज इतका छान लागतो, की तो थांबवा असं तोंडाने म्हणवेना. मग कागदावर लिहिलं, आणि तेही तुम्हाला नाही, अध्यक्षांना. एवढं मात्र माझं चुकलं.

घरी जेवणाआधी तुम्ही म्हणता ती प्रार्थना मला हवीच आहे, बाबा. भोंगा मात्र सगळ्यांचा आहे.

रागवा, पण पत्रं थांबवू नका. आईस नमस्कार.
तुमची रोझ


कार्टर्स फेरी
८ सप्टेंबर १९९८

चि. रोझलिन हीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. त्यात 'दर सामन्याला' हे चूक आहे. चार वर्षांत आपल्या मैदानावर बावीस सामने झाले. एक विजांमुळे प्रार्थनेआधीच रद्द झाला, एकाला माझा घसा बसला होता. म्हणजे वीस. अध्यक्षांना लिहिण्याआधी तपासायला हवं होतंस.

आईने तुझ्यासाठी पीच बरण्यांत भरले आहेत, ते पाठवतो आहे. बाकी काही लिहायला जमत नाही.
बाबा


कार्टर्स फेरी
१३ सप्टेंबर १९९८, रविवार

चि. रोझलिन हीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

कालचं सगळं जसं घडलं तसं लिहितो.

आई माइकच्या खोलीत माझ्याजवळ बसली होती, मी काही वेडंवाकडं बोलू नये म्हणून. मी अडतीस सेकंदांच्या शांततेची घोषणा केली आणि घड्याळ दाबलं. चौथ्या सेकंदाला समोरच्या बाकांवरून कुणीतरी प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि बघता बघता सगळं मैदान म्हणू लागलं. मीही म्हणू लागलो. सवयच ती.

आता आपल्या घरातलं जुनं भांडण तुला ठाऊकच आहे. 'आमचे अमुक माफ कर' या ओळीत आम्ही प्रेस्बिटेरियन चर्चचे लोक 'ऋण' म्हणतो, तुझी आई आणि तिचे मेथडिस्ट चर्चवाले 'अपराध' म्हणतात. गावात मेथडिस्टच जास्त. माझा शब्द दोन अक्षरी, त्यांचा चार. सहा हजार माणसं अपराधावर रेंगाळली असताना आठ भोंग्यांतून एकटं माझं 'ऋण' पुढे धावलं. माइकचं बटण मी बंदच केलं नव्हतं! बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळ्यांनी माना वर केल्या. काही हसले. आईने माझी बाही ओढली. ओळ मोडली आणि मैदान गप्प झालं. आपलीच प्रार्थना, आपलंच गाव, आणि कुठे बघावं कळेना. मी बुटांकडे बघितलं. मग नाओमीची आठवण झाली.

तिने हे वीस वेळा केलं.

बटण बंद केलं. एकविसावा सेकंद चालू होता. उरलेले सतरा तसेच जाऊ दिले. सामन्यानंतर अध्यक्षांना सांगून आलो की बटणाची चूक माझी. राजीनाम्याच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर 'बंद केलंस का?' असं ठळक लिहून तो बटणाशेजारी चिकटवला आहे.

आई म्हणते, पोरीचा अपराध पोटात घाल. मी म्हणतो, अपराध कसला? ऋण निघालंच तर माझ्याकडे निघेल. तुला हवा तो शब्द घे.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला येशील तेव्हा नाओमीलाही आण, आईला पीच-पाय दोन करायला सांगतो. तिला कळव, अडतीस सेकंद होते तेवढेच आहेत, फक्त आता रिकामे आहेत. त्यात काय भरायचं ते ज्याचं त्याने बघावं.

घरचा लोभ होता तसाच आहे, तो धरून राहा.
तुझे बाबा