डिसेंबरच्या मीटिंगसाठी एक दुर्मिळ केस

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. डिसेंबरची मीटिंग आपली. आमच्या पूर्व उपनगर त्वचारोग मंडळात दर तीन महिन्यांनी मुलुंडच्या हॉलमध्ये खरे पेशंट आणून बसवतात. बाकीचे डॉक्टर रांगेने येऊन त्यांना बघतात, दाबतात, निदान सांगतात. सगळ्यात दुर्मिळ केस आणणाऱ्याला ढाल. सेक्रेटरी कृणालने ती तीनदा पटकावली आहे. कृणाल माझा बॅचमेट. कॉलेजात माझ्या नोट्सवर पास झालेला.

मी इतकी वर्षं नाहूरला स्किन स्पेशालिस्ट आहे. नजर तयार आहे. पेशंटच सगळे गजकर्ण घेऊन येतात, त्याला मी काय करणार?

शोकेसमधली फुलदाणी काढून कप्पा रिकामा केला. हेमांगी म्हणाली, ढालीचं नंतर बघू, आधी गालावरची ती गाठ कुणाला तरी दाखव. बायकोला किती समजावायचं? मुरूम आहे. वर्षभर मीच मलम लावतोय. शिवाय दाढी वाढवली आहे, दिसतही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
सापडली! वाकोल्याहून विनिता नावाच्या बाई मुलीला घेऊन आल्या. अपूर्वा, वय सात. मान, काखा, गुडघे निळे. अक्षरशः निळे! रंगद्रव्याचा काहीतरी अतिदुर्मिळ प्रकार. आईला गंभीर आवाजात सांगितलं की अजिबात घाबरू नका. तोवर त्या घाबरल्या नव्हत्या. मग घाबरल्या.

कृणालला मेसेज: डिसेंबरला माझा स्लॉट ठेव.

त्याच दिवशी, संध्याकाळ
फोटो काढायला मायलेकींना संध्याकाळी परत बोलावलं होतं. तेवढ्यात गंधाली आली. माझी ज्युनियर, सोमवार-गुरुवार माझ्याकडे बसते. हुशार आहे, अनुभव कमी. तिने स्पिरिटचा बोळा मुलीच्या मानेवरून फिरवला. बोळा निळा, मान स्वच्छ. नवा ट्रॅकसूट, न धुता घातलेला. वर घाम. अपूर्वाने दुसरा बोळा मागून घेतला आणि गुडघे स्वतःच पुसले. तिला फार मजा आली.

कृणालला मेसेज: याहून मोठी केस येतेय.

१३ नोव्हेंबर
गाठ हरभऱ्याएवढी होती, आता शेंगदाण्याएवढी. निदान बदललं. मुरूम नाही, चरबीची गाठ. स्वतःचं निदान बदलायला मोठं मन लागतं. हेमांगीला ते दिसत नाही. म्हणाली, मोठं मन राहू दे, गाठ मोठी होतेय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आता मात्र झकास! शेजारच्या सोसायटीतले सहदेवकाका. सुनेने जबरदस्तीने आणलं. कमरेवर तपकिरी जाळी, कोळ्याने विणावी तशी. रक्तवाहिन्यांचा विकार, शंभर टक्के. फोटो काढले. रक्ताच्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या. काकांना मीटिंगचं सांगितलं. ते हॉल एसी आहे का विचारत होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार
काकांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल. गंधालीने त्यांना विचारलं, काका, कमरेला शेक घेता का? काका म्हणाले, घेतंय तर, कंबर धरता म्हणान गेलो महिनोभर गरम पाण्याची पिशवी घेवनच निजतंय. गंधालीने सांगितलं, पिशवी बंद करा, डाग हळूहळू जाईल.

हे मी विचारणारच होतो. पण एकेक पायरीने जायचं असतं.

काका नाराज झाले. मीटिंगसाठी नवीन शर्ट शिवायला टाकला होता म्हणे. माझ्याही मनाला लागलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार
वाट लागली. गंधालीने मला पेशंटच्या स्टुलावर बसवलं आणि गाठ दाबली. दगडासारखी कडक. कातडी ताणली तर आतून कोपरे जाणवतात. म्हणाली, सर, ही चरबी नाही, तुकडा काढून तपासायला हवा. मी म्हटलं, मीटिंग झाल्यावर बघू, सध्या केस शोधतोय. तिने तिथल्या तिथे हेमांगीला फोन लावला. दोघींचं आधीच ठरलं होतं असं दिसतं.

२७ नोव्हेंबर
तुकडा काढला. मी अजिबात घाबरलेलो नाही. फक्त विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते हेमांगीला दाखवलं. मग लॉकरची किल्ली. मग गॅसवाल्याचा नंबर. नंबरापाशी ती रडायला लागली. मग मीही.

बरं, घाबरलोय. पेशंटला मी रोज सांगतो, रिपोर्ट येईपर्यंत निवांत राहा. कसला फालतू सल्ला देतो मी लोकांना!

४ डिसेंबर, गुरुवार
साधी गाठ! केसाच्या मुळातून उठणारी, आत चुना साठतो म्हणून कडक. कॅन्सर नाही. काढून टाकली की विषय संपला. हेमांगीने देवापुढे साखर ठेवली. मी सगळी खाल्ली.

मग पुढचं वाचलं. ही गाठ जास्त करून लहान मुलांना होते. माझ्या वयात, एवढी मोठी, क्वचितच.

क्वचितच!!

कृणालला फोन केला. केस मिळाली, मीच पेशंट, मीच सादर करणार. तो म्हणाला, अरे देवा, नियम आहे ना, पेशंटला स्वतःची केस सादर करता येत नाही. तेव्हा नाव गंधालीचं. मार्गदर्शन अर्थातच माझं. ऑपरेशन मीटिंगनंतर.

१४ डिसेंबर, रविवार
दाढी काढली. गाठ काय सुंदर दिसत होती! मला पेशंटांच्या रांगेत, खाजऱ्या पायांचे एक आजोबा आणि रडणारं तान्हं बाळ यांच्यामध्ये बसवलं. सगळे डॉक्टर रांगेने आले, टॉर्च मारला, गाल दाबला. मी प्रत्येकाला थोडी माहिती देत होतो. कृणाल माइकवरून म्हणाला, पेशंटने कृपया बोलू नये.

गंधाली छान बोलली. तिच्या स्लाइडवर होतं: रुग्णाला स्थानिक डॉक्टरने वर्षभर मुरुमाचं मलम लावायला दिलं, नंतर चरबीची गाठ सांगितली. सगळा हॉल च्च च्च करू लागला. मागून कुणीतरी ओरडलं, कोण रे हा महाभाग? गंधाली म्हणाली, रुग्णाने नाव उघड करायला नकार दिला आहे.

मीही च्च च्च केलं. तिथे दुसरं काय करणार?

ढाल गंधालीला मिळाली.

१५ डिसेंबर, सोमवार
मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो आला. पहिल्यांदाच! क्लोज-अप आहे, गाठ एकदम स्पष्ट. पेशंटची ओळख पटू नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी. मी तो अभिमानाने घरच्या ग्रुपवर टाकला.

गावाहून आईचा लगेच फोन. म्हणाली, काळो चष्मो बरो दिसता तुका. पण गालार काय ता? कोणा बऱ्या डॉक्टराक दाखय.