चारवर नऊ, नऊवर चार

७ एप्रिल १९५६
सहाव्या मुनाऱ्यावरून आम्ही थेट चौदाव्याकडे वळलो तेव्हा मला हसू आलं. मधले सात कुठे गेले? जंगल राखणाऱ्या नाकेदार लच्छूने गस्तीची वही दाखवली : ‘सहावर ओला माग असेल तर चौदावर जा. नसेल तर दोनवर जा.’ हद्दीचे तीस दगडी मुनारे आणि पानोपानी अशा उड्या. मी चांद्याहून परवाच आलो. सगळ्या रेंजसाठी गस्तीचे नियम लिहायचे आहेत. मोहाची फुलं पडताहेत, हवा गोड आहे. बरं वाटतंय.

९ एप्रिल
नियम एक, दोन, तीन असे चालावेत, कुणालाही वाचता यावेत, असं मी म्हणालो. लच्छू म्हणाला, “कोणालेबी वाचता आलं तर सागवानचोरालेबी येईन, बाबू. आपण कुठी निंगू हे त्याले काऊन सांगाचं?” वणव्यावर लक्ष ठेवणारा डोमा मोठ्याने हसला. शनिवारी रेंजरसाहेब माझी आणि लच्छूची वही पाहून एक निवडतील.

११ एप्रिल
माझ्या सुवाच्य वहीवर डोमा तंबाखू मळतो. लच्छूची वही कपाळाला लावून मग उघडतो. पाणी भरणारी सुकरीसुद्धा आधी लच्छूला पाणी देते.
लच्छू पहाटे गोंडपिपरीला गेला. मी त्याच्या वहीत चौथ्या मुनाऱ्यापुढचं पेन्सिलीचं ‘सतरावर जा’ पुसून ‘नवावर जा’ लिहिलं, त्याच्याच वळणात. नवव्यापुढे ‘चारवर जा’ होतंच. आता वाट बाहेर पडत नाही. डोमा तीच वही घेऊन निघाला. साहेबांपुढे लच्छूचं हसं व्हावं, एवढंच.

१२ एप्रिल
चौकी चार आणि नऊच्या मधे आहे. दुपारपर्यंत डोमा अकरा वेळा समोरून गेला. थांब म्हटलं. “लच्छूभाऊनं लिवलं हाय.” ती ओळ माझी आहे, असंही सांगितलं. तो हसला. “तुमाले असं लिवता येते काय, बाबू?”
हे लागलं. लच्छूला बोलावलं तर सगळं कळेल. उद्या पाहू.

१३ एप्रिल, सकाळ
डोमा पाणी घेत नाही. ओठ फाटलेत. सुकरी म्हणते, तिला डोमा दिसतच नाही, नुसती काठी वाजते. ती लच्छूला निरोप धाडते म्हणाली. मी अडवलं. एकच दिवस — उद्या साहेब —

दुपार
आता मलाही नुसती काठी.

नंतर
गेलो. डोमाचा हात लागला. तापल्या दगडासारखा. वही ओढून घेतली, वाचली. चारवर नऊ. माझी ओळ — त्याच्यापेक्षा चांगली — सुटत नाही. नऊवर चार. पुन्हा चौकी. सुकरी दारात, माझ्याकडे बघत नाही, माझ्या आरपार — चारवर

१४ एप्रिल
लच्छू नाकेदार लिहून राह्यलो. सुकरीनं चोरून निरोप धाडला, सकाळी आलो. ही रोजनिशी आन् माही वही चौथ्या मुनाऱ्यावर पडून होत्या. माणूस नाई. वाटेवर दोघायचे ताजे पाय, आन् माह्या डोयासमोर आणखी उमटून राह्यले. मी ‘सतरावर जा’ लिवलं आन् मोठ्यानं वाचलं. अनवाणी पाय सतराकडे वळले. तिथी डोमा सापडला, पाणी मागून राह्यला होता. बाबूच्या बुटाचे पाय नवाकडे गेले.