टोपी भिरकावणारी नवरी

मिर्होरोद, २ सप्टेंबर १९११

चि. उल्यानास, आईचे अनेक आशीर्वाद.

परीकथेच्या पुस्तकासाठी काढलेलं तुझं शेवटचं चित्र पोचलं. रंग झकास! पण बयो, नवरी टोपी भिरकावून हसतेय? लग्नात सवाष्णीची टोपी चढवताना मुलगी ती दोनदा फेकते आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने ठेवते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गोष्ट संपताना टोपी डोक्यावरच हवी. शेजारची होर्पिना म्हणाली, कीव्हला जाऊन पोरगी रीतभात विसरली.

दुसरं म्हणजे, गिरणीवाल्यांचा लाव्रिन अजून तुझ्यासाठी थांबलाय. सुगी आटोपली की त्याची माणसं मागणी घालायला येतील. मी हो म्हणणार आहे. चित्रं पुरे झाली, आता घरी ये. एकटीने आणखी एक हिवाळा काढवत नाही मला.

माया आहेच, ती ओळखून वाग.
तुझी आई

कीव्ह, १२ सप्टेंबर

ती. आईस, उल्यानाचा शि. सा. न. वि. वि.

होर्पिनाकाकूंना सांग, रीत चांगली आठवते. मी दुसऱ्या फेकीचं चित्र काढलंय. छापखान्याचे मालकही म्हणाले, टोपी डोक्यावर ठेवा, नाहीतर चित्र परत न्या. इथे चित्र दगडावर काढून त्यावरून कागदावर छापतात, आणि प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असतो. लाल रंगाचा दगड मी स्वतः चितारलाय, तो पुसणार नाही, असं मी सांगून टाकलं. मालक दोन दिवस फुगून बसले, मग छापलं. आणि पुढचं अख्खं पुस्तक माझ्याच हाती दिलं!

आता स्पष्टच लिहिते. लाव्रिन वाईट नाही, पण लग्नानंतर घरात रंगांचा पसारा नको, असं त्याने मला तोंडावर सांगितलंय. मला हेच काम करायचंय. तू हो म्हणालीस तर मोडायला मी स्वतः येईन, आणि मग गावात तुझं नाक कापलं जाईल. म्हणून आधीच विनवते. तुझी आठवण रोज येते.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी उल्याना

मिर्होरोद, ४ ऑक्टोबर

चि. उल्यानास, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस रडले, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी तुझं चित्र भिंतीवर लावलं.

काल लाव्रिनची माणसं आली, मागणीची भाकरी घेऊन, ऐटीत. आपल्यात नकार तोंडाने देत नाहीत. मी परसातला सगळ्यात मोठा भोपळा उचलला आणि त्याच्या मामाच्या हातात ठेवला. मामा लालबुंद झाला. म्हणाला, भोपळा मुलीने द्यायचा असतो, आईने नव्हे, मुलगी कुठेय?

मी म्हटलं, मुलगी कामात आहे.

जेवत जा. लोभ असावा हे काय आता लिहायचं?
तुझी आई