रिकाम्या कणांचा हिरवा उजेड

३ फेब्रुवारी

चमकल्या! दादाच्या पेशी हिरव्या चमकल्या!

हिरवा म्हणजे चमक देणारं चाचणीचं जनुक आत पोचलं. माझ्या पॉलिमरच्या कणांनी ते पेशीत नेऊन सोडलं! प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मायक्रोस्कोपवरून डोळा काढेचनात. "सोमवारी अहवाल पाठवू. मग सशांच्या डोळ्यांवर."

दादाला लगेच फोटो पाठवला. त्याच्याच दंडाच्या कातडीचा एवढासा तुकडा आणून वाढवलेल्या पेशी या. तेव्हापासून रोज फोनवर एकच — "कसा आहे गं मी आज?" आज मात्र ओरडलाच, "पोपटी! अस्सल पोपटी!" शिंपीच तो. नुसतं हिरवं म्हणून कसं भागेल!

४ फेब्रुवारी

ताटलीत दादाच्या पेशींचा एक खण उरला होता. वाया कशाला घालवा, म्हणून त्यात नुसते कण घातले होते. जनुकाशिवाय, रिकामे.

आज पाहिलं. तोही हिरवा आहे.

६ फेब्रुवारी

पुन्हा करून पाहिलं. फक्त मेलेल्या पेशीत शिरतो तो लाल रंगही घातला. सगळे खण लालभडक.

मरणारी पेशी आपली आपणच हिरवी मिणमिणते. आम्ही त्यालाच टाळ्या वाजवल्या. जनुक पोचलंच नाही. माझे कण पेशींना मारतायत.

"कसा आहे मी?"

"मजेत," म्हटलं.

७ फेब्रुवारी

गप्प बसता येईल. रिकाम्या खणाचं कुणी विचारलेलं नाही, कुणी विचारणारही नाही. हे मनात आलं आणि माझीच मला भीती वाटली.

दादाने दहावीत शाळा सोडली ती मी शिकावं म्हणून. घरात पदवी पाहिलेली मी पहिली. आता सुईत दोरा वहिनी ओवून देते त्याला. डॉक्टर म्हणाले होते, जनुकातच दोष आहे, नजर चार-पाच वर्षं टिकेल. तेवढ्यात औषध करीन, असं मी त्याला छातीठोक सांगितलंय! आणि केलं काय, तर हे. आधी सशांच्या डोळ्यांत जाणार. मग कधीतरी त्याच्या.

मॅडमनी काढून टाकलं तर? घरी काय सांगू?

८ फेब्रुवारी

उद्या मॅडमना सांगणार.

९ फेब्रुवारी

सांगितलं.

"रिकामे कण तपासायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. एक खण उरला होता."

मॅडम पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. मला वाटलं, संपलं. मग म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी." अहवाल गेला नाही. "दोन वर्षं मागे गेलो गं आपण."

बाहेर येऊन जिन्यातच बसले. दोन वर्षं गेली तरी दादाकडे चार-पाच आहेत. पुरतील. पुरायलाच हवीत!

१० फेब्रुवारी

दादाला खरं सांगून टाकलं — तो हिरवा खोटा होता, आणि मजेत म्हटलं तेही.

तो म्हणाला, "मग माझंही एक ऐक. पोपटी आहे हे मला तुझ्या वहिनीनं सांगितलं होतं. मला त्या फोटोत नुसता काळा चौकोन दिसला."